जोतीराव गोविंदराव फुले : शाळेत व शाळेबाहेर

गेल्या नाताळच्या सुटीपूर्वी आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन कात्रजच्या जुन्या घाटात सहलीस गेलो होतो. घाटमाथ्याजवळ जो जुना बोगदा आहे, त्याच्या तोंडाशी मुले विसाव्यास बसली. शिदोऱ्या सुटल्या. खाता खाता एका विद्यार्थ्याने विचारले की, हा डोंगर कोणी फोडला व फोडणारांस रोजची मजुरी किती मिळत असेल? प्रश्नाच्या उत्तरार्धाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पूर्वार्धाविषयी मात्र इतके सांगता आले की, या बोगद्याचे काम महात्मा जोतीराव फुले यांच्या कंपनीने केले, असे त्यांचे चरित्रलेखक लिहितात. हे ऐकून वर्गात मोठे आश्चर्य पसरले. मुलींची शाळा काढणारे म्हणून ज्यांची तसबीर वर्गाच्या भिंतीवर रोज दिसते, त्या गृहस्थांचा पहारी, सुरुंग आणि चुनखडी यांच्याशी काय संबंध, असे मुलांस वाटणे स्वाभाविक होते. घाट उतरत असता आम्ही मनाशी ठरविले की, या वर्षीच्या अंकात जोतीरावांचे चरित्र लिहावे, आणि ते केवळ शाळा काढणारे म्हणून न लिहिता, शाळेत मिळालेली विद्या शाळेच्या उंबरठ्याबाहेर नेऊन खर्च करणारे म्हणून लिहावे.

जोतीरावांचा जन्म 11 एप्रिल 1827 रोजी पुण्यात झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ उपनाव गोऱ्हे व मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात असलेले कटगुण. पुढे हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस व तेथून पुण्यास आले. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याच्या धंद्यावरून लोक त्यांस फुले म्हणू लागले, व तेच नाव टिकले. वडील गोविंदराव कष्टाळू होते. फुलांचे दुकान, थोडी बागायत, असा त्यांचा संसार. आई चिमणाबाई जोती वर्षाचाही झाला नसेल तोच वारली. त्या पोरक्या मुलास गोविंदरावांच्या नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने पोटच्या पोराप्रमाणे वाढविले. सगुणाबाई एका मिशनरी कुटुंबात मुलांची दाई म्हणून काम करीत. तेथे कानांवर पडलेले इंग्रजी त्यांस थोडेफार समजे, आणि विद्येने माणसाचे काय होते हे त्यांनी त्या घरात डोळ्यांनी पाहिले होते. जोतीरावांच्या जीवनातील पहिली शाळा कोणती, असे कोणी विचारील तर आम्ही सगुणाबाईंची मांडी असे म्हणू.

सातव्या वर्षी जोती मराठी शाळेत जाऊ लागला. चारएक वर्षे गेली, आणि मग जे घडले ते आमच्या मते या सबंध चरित्रातील अत्यंत महत्त्वाचे प्रकरण आहे. गोविंदरावांच्या दुकानी हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाने त्यांचे कान भरले. माळ्याच्या पोरास शिकून काय करावयाचे, तो धड शेताचा राहणार नाही की धड कचेरीचा होणार नाही, अशा अर्थाचे काही त्याने सांगितले. गोविंदराव दुष्ट नव्हते. मुलाचे अकल्याण व्हावे असे कोणत्याही बापास वाटत नाही. ते घाबरले. जोतीचे नाव शाळेतून कमी झाले व त्याच्या हाती खुरपे आले. 1840 साली तेराव्या वर्षी त्याचे लग्नही झाले. वधू नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची नऊ वर्षांची कन्या सावित्री.

अशी सुमारे तीन वर्षे लोटली. ती तशीच आणखी लोटली असती, तर गंज पेठेतील एक मेहनती बागवान एवढीच जोतीची ओळख राहिली असती. परंतु दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याशी पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा शेजारच्या दोघा गृहस्थांच्या नजरेस आला. एक होते गफार बेग मुन्शी, उर्दू व फारसी शिकविणारे मुसलमान पंडित. दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती साहेब. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. मुन्शींचा या घराशी नात्याचा संबंध नाही, जातीचा नाही, धर्माचा नाही. शेजाऱ्याचे पोर हुशार आहे आणि ते वाया जात आहे, एवढेच त्यांस पाहवले नाही. 1841 साली जोती पुन्हा शाळेत गेला. ती पुण्यातील स्कॉटिश मिशनची शाळा. त्या वेळी त्याचे वय चौदा होते, आणि वर्गातील पुष्कळ मुले त्याहून लहान असावीत.

येथे पालकांपाशी थोडे बोलण्याची परवानगी आम्ही घेतो. आमच्या अध्यापनाच्या वीस वर्षांत कारकुनाचे काम करणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. मुन्शींचे काम करणारी थोडी पाहिली. एका वर्षी कात्रजकडून येणारा एक चांगला विद्यार्थी दिवाळीनंतर वर्गात दिसेना. चौकशी करता समजले की, वडिलांनी त्यास भाजीच्या गाड्यावर बसविले आहे. आम्ही जाऊ जाऊ म्हणत राहिलो. परीक्षा, स्नेहसंमेलन, तपासणी अशी कामे निघत गेली. फेब्रुवारीत गेलो तो ते कुटुंब बिऱ्हाड हलवून निघून गेले होते. गोविंदरावांचे दार ज्यांनी वेळेवर ठोठावले, त्या दोघांविषयी लिहिताना हे आठवल्यावाचून राहत नाही.

मिशनच्या शाळेत जोतीरावांस सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे असे स्नेही मिळाले. हे तिघे ब्राह्मण, जोतीराव माळी. तरी त्यांची मैत्री शाळेपुरती न राहता पुढे कार्यातही टिकली. लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा व नेमबाजी यांचेही शिक्षण चालू होते. शाळेचा अभ्यासक्रम 1847 साली संपला. त्याच सुमारास टॉमस पेन या ग्रंथकाराचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले व मनात खोल रुजले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या या विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने नमूद करतो. मिशनऱ्यांनी शूद्रातिशूद्रांस विद्येचे दार उघडले याबद्दल त्यांनी कृतज्ञता जन्मभर बाळगली, आणि आपला विचार मात्र स्वतःच केला. शाळेने विद्यार्थ्यास जे द्यावयाचे ते त्यांस मिळाले होते, असे आम्हांस यावरून दिसते.

1848 साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव चालत असता, शूद्राने आपल्या बरोबरीने चालावे कसे, म्हणून काहींनी त्यांचा अपमान केला. शाळेच्या बाकावर जो भेद मिटला होता, तो रस्त्यावर जसाच्या तसा उभा होता. त्याच वर्षी ते अहमदनगरास गेले आणि तेथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांनी चालविलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली. पाहून आले, आणि थोड्याच दिवसांत पुण्यात बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा उघडली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस होते. मॅट्रिकनंतर काय करावे याचा निर्णय होत नाही म्हणून घरी बसणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे वय ध्यानात ठेवावे!

शिक्षक कोठून आणावयाचे? ते घरातच होते. जोतीरावांनी सावित्रीबाईंस व सगुणाबाईंस आधीच अक्षरओळख करून दिली होती. मळ्यातील मातीत काडीने अक्षरे गिरवून हा अभ्यास झाला, असे सांगतात. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या तेव्हा रस्त्याने लोक त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकीत. म्हणून त्या एक लुगडे बरोबर नेत, व शाळेत पोहोचल्यावर बदलून शिकविण्यास उभ्या राहत. लोकांनी मग गोविंदरावांवर दडपण आणले. तेच गोविंदराव, तीच भीती! मुलाने शाळा सोडावी, नाहीतर घर सोडावे, असे त्यांनी सांगितले. 1849 साली पतिपत्नी घराबाहेर पडली. उस्मान शेख यांनी त्यांस आपल्या घरात जागा दिली, आणि त्याच घरातील फातिमा शेख पुढे त्यांच्या शाळेत शिकवू लागल्या. एकदा एका मुसलमान शेजाऱ्याने जोतीरावांस शाळेत पाठविले होते. आता दुसऱ्याने त्यांची शाळा राखली.

भिडेवाड्यातील शाळेत खंड पडला. पण 1851 च्या जुलैत बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा सुरू झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत व पुढील वर्षी वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा झाली. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. परंतु या शाळांचे खरे प्रमाणपत्र आमच्या मते दुसरेच आहे. त्यांतील मुक्ता नावाच्या मांग जातीच्या एका लहान विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो 1855 साली ज्ञानोदयात छापला गेला. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्या समाजाची एक मुलगी विद्वानांस लेखी प्रश्न विचारू लागली होती. आमच्या निबंधाच्या वह्यांत पावसाळ्यातील एक दिवस दरवर्षी तोच पाऊस पाडतो. मुक्तेने आपल्या घरचे दुःख लिहिले म्हणून ते आजवर वाचले जाते.

1855 साली फुले दांपत्याने दिवसा राबणाऱ्या प्रौढांसाठी रात्रीची शाळा घरीच सुरू केली. पुढच्या वर्षी त्यांस ठार मारण्यास दोन मारेकरी घरात शिरले. रोडे व धोंडीराम नामदेव कुंभार अशी त्यांची नावे. पैशाच्या लोभाने आले होते. जोतीराव जागे झाले, त्यांनी दोघांशी बोलणे केले, आणि दोघांनी शस्त्रे टाकली. पुढे हे दोघेही त्यांचे अनुयायी झाले. धोंडीराम तर शिकून सत्यशोधक समाजाचा पंडित म्हणून गाजला. ही कथा मुलांस फार आवडते. पण तिचा मध्यभाग, म्हणजे धोंडीरामाने केलेला अभ्यास, कोणी फारसा विचारीत नाही.

सर्वच यशस्वी झाले असे मात्र नाही. 1857 च्या बंडानंतर युरोपियन लोकांच्या देणग्या आटल्या, सरकारी आधार ढळला, आणि शाळांत काय शिकवावे यावरून मंडळातही मतभेद झाले. 1858 च्या सुमारास जोतीराव शाळांच्या कारभारातून बाहेर पडले. ते इतरांच्या शाळेतही शिकवीत असत. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत ते काही वर्षे शिक्षक होते. तथापि जी संस्था आपल्या हातांनी उभारली ती सोडताना त्यांस काय वाटले असेल, हे ज्यांनी संस्था चालविल्या आहेत तेच जाणतील.

येथपर्यंतचे चरित्र सर्वांस ठाऊक असते. कात्रजचा बोगदा याच्या पुढे येतो. समाजकार्याच्या नावाने वर्गणी गोळा करून तीवर आपला चरितार्थ चालविणे जोतीरावांस मान्य नव्हते. त्यांनी धातूचे ओतकाम करणारांस लागणारी मूस विकण्याचे दुकान घातले, भाजीपाल्याचा व्यापार केला, आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी दगडचुना पुरविला; येरवड्याच्या पुलाच्या कामातही त्यांचा हात होता. अशा कामांवर गवंडी, पाथरवट, बेलदार, पाट्या वाहणाऱ्या बाया यांच्यामध्ये त्यांचे दिवस जाऊ लागले. शाळेत येणारी मुले त्यांनी पाहिली होतीच. आता शाळेत न येणारी मुले, दगडांच्या ढिगांशेजारी धुळीत खेळणारी, त्यांच्या दृष्टीसमोर होती. बांधकाम खात्यातील कारकून व अंमलदार निरक्षर मजुरांस व रयतेस कसे नाडतात, हजेरीपटावर व बिलांवर काय लिहिले जाते, हेही त्यांनी जवळून पाहिले व पुढे आपल्या लिखाणात निर्भीडपणे मांडले. ज्यास वाचता येत नाही त्याने अंगठा उठविला की, कागदावर काय होते ते त्यास कळण्याचा मार्ग नाही. अक्षरज्ञान ही चैन नसून मजुरीच्या रक्षणाचे हत्यार आहे, हा त्यांचा विचार पुस्तकांतून जितका आला, तितकाच अशा डोंगरफोडीच्या कामांवरून आला असावा, असे आम्हांस वाटते.

शाळेबाहेरची त्यांची इतर कामे थोडक्यात सांगतो, कारण एकेका कामास एकेक लेख लागेल. 1863 साली त्यांनी फसलेल्या विधवांसाठी व त्यांच्या अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईपासून दगडी नळाने पुण्याच्या हौदांस येत असे. मात्र शहरातील सार्वजनिक हौदांवर अस्पृश्यांनी घागर बुडवावयाची नाही, असा रिवाज. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांस मोकळा केला. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. 1877 च्या भीषण दुष्काळात त्यांनी उपाशी मुलांसाठी धनकवडी येथे छावणी उघडून त्यांच्या जेवणाखाण्याची सोय केली. कात्रजहून पुण्यास जाताना डाव्या हातास जी धनकवडी लागते, तीच ही. आज तेथे इमारतींची इतकी दाटी आहे की, मुलांच्या पंगती कोठे बसत असतील याचा अंदाज बांधवत नाही. 1876 पासून 1882 पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतास हजार रुपये खर्चण्याचे ठरत असता, तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा म्हणून विरोधी मत देणारे ते एकटेच निघाले.

1882 साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले. पुष्कळ विद्वानांनी त्यापुढे साक्षी दिल्या. जोतीरावांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी आपले निवेदन इंग्रजीत सादर केले, आणि ते वाचताना असे वाटते की, शाळामास्तर व कंत्राटदार हे दोघे एकाच लेखणीने लिहीत आहेत. शाळांचा खर्च ज्या सारापट्टीतून होतो ती बहुतेक रयतेच्या घामाची. मग त्या खर्चाचा मोठा वाटा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे का जावा, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. वरच्या थरांत विद्या ओतली म्हणजे ती हळूहळू खाली झिरपेल, असे त्या काळचे राज्यकर्ते मानीत. जोतीरावांनी आयुष्यभर पाहिले होते की, ती वरच अडते. म्हणून खेड्यांतील प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत तरी सक्तीचे करावे, अशी त्यांनी मागणी केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील, ट्रेनिंग घेतलेले, व नांगर धरण्याची अथवा सुताराचा वाकस चालविण्याची लाज न बाळगणारे असावेत. त्यांस किमान 12 रुपये व मोठ्या गावी 15 ते 20 रुपये पगार असावा. शिकविण्याचे विषय म्हणजे मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्यांच्या जोडीस शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य. शिक्षकाच्या पगाराचा विचार इतक्या बारकाईने करणारा सुधारक विरळा, हे शिक्षक म्हणून आम्ही थोड्या आपलेपणाने सांगतो.

ही मागणी त्या वेळी फलद्रूप झाली नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात व 1906 साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गोखल्यांनी 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात आणलेले बिल पास झाले नाही. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचा हुकूम काढला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा सबंध देशाचा कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अंमलात आला. हंटरसाहेबांपुढील त्या निवेदनास तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.

1883 साली जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ लिहून पुरा केला. अविद्येने काय काय नासते हे सांगणाऱ्या त्याच्या आरंभीच्या ओळी विद्यार्थ्यांस पाठ असतात, म्हणून येथे देत नाही. पुढील भाग मात्र सहसा कोणी वाचीत नाही. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती व पाणी बांध घालून कसे अडवावे, शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचे शिक्षण कसे द्यावे, हे सर्व त्यात आहे. 1888 च्या मार्चमध्ये पुण्यात राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जरीच्या पागोट्यांच्या त्या मेळाव्यात जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले, आणि येथे बसलेल्या श्रीमंतांवरून हिंदुस्थानची पारख करू नये, अशा आशयाचे चार शब्द बोलून आले. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईस मांडवी येथील सभेत लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली.

पदवी मिळून थोडेच दिवस झाले आणि त्यांस पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक मनात होते. ते त्यांनी डाव्या हाताने लिहून काढले. साठी उलटलेला माणूस पुन्हा धुळाक्षरांपासून हात बसवीत होता. हे पुस्तक छापून निघाले ते 1891 साली, त्यांच्या मागे. 28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या व टिटवे घेऊन चालू लागल्या.

यशवंत डॉक्टर झाला. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा त्याने शहराबाहेर हडपसरच्या बाजूस माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई गावोगाव फिरून रोगी तेथे आणीत. मुंढव्याच्या एका महार मुलास प्लेग झाल्याचे समजताच त्यांनी त्यास पाठीवर घेतले व दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांस संसर्ग झाला. 10 मार्च 1897 रोजी त्या वारल्या.